हँडब्रेकचा लाल दिवा

सर्जेराव एसटीतून निवृत्त झाले, तेव्हा स्वारगेट डेपोत त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हणून सगळे मागे लागले. ते उभे राहिले, "सांभाळून चालवा," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, आता पुढे काहीतरी येईल. आलं नाही.

माणूस पहिल्यापासून असाच. मूळचे धनकवडीचे. धनकवडी पुणे महापालिकेत आली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. त्याआधी ते गाव होतं, आणि त्यांच्या वडिलांच्या रानात ज्वारी होती, बांधाला पेरू होते. पुढे रान वाटण्यांत गेलं, उरलेलं रस्त्यात गेलं. राहिलं ते दोन खोल्यांचं घर आणि सर्जेरावांची नोकरी. त्या नोकरीतली बरीच वर्षं स्वारगेट-महाड गाडीवर, वरंध्याच्या घाटातून. ते स्वतः बोलत नसत, पण बोलण्यात राहत. मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली. कुणाची सोयरीक जमतेय, कुणाची म्हैस आटलीय, कुणाचं पोर नापास झालंय, हे सगळं त्यांच्या मानेवर येऊन आदळायचं. भोरपासून महाडपर्यंतच्या निम्म्या संसारांची त्यांना माहिती होती, आणि त्यातल्या कुणाशीही त्यांनी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलणं केलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या मुलाला बंगळुरात मूल झालं. सून नोकरी करणारी. त्यांची बायको शकू सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. नातवाला आजी हवी होती आणि आजीला नातू. सर्जेराव धनकवडीच्या घरात एकटेच राहिले. सकाळी वरण-भाताचा कुकर लावायचे आणि तेच दोन वेळा जेवायचे. डेपोतून मिळालेलं घड्याळ लावलं होतं, पण त्याची टिकटिक ऐकू यायला लागली तेव्हा त्यांनी त्यातला सेल काढून ठेवला.

म्हणून बजरंगनं काम सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

बजरंग कोंढव्याच्या शेतकरी घरातला, चाळिशीचा माणूस. जमिनी विकल्यावर घरातल्या सगळ्यांनी बांधकामात पैसा घातला. यानं मात्र मिनीबसच्या सांगाड्यावर एक घरगाडी बांधून घेतली. तिला तो मोटारहोम म्हणायचा. आत दोन पलंग, सोफा, छोटा ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं. लोक ती चार-आठ दिवसांसाठी भाड्यानं घेत आणि कोकणात नाहीतर महाबळेश्वरला जात. सोबत ड्रायव्हर म्हणून सर्जेराव.

गाडी सुरेख होती. चालवायला हलकी, ब्रेक लोण्यासारखे. एकच गोष्ट निराळी होती. ड्रायव्हरच्या मागे जाड पडदा होता, आणि गाडी सुटली की आतली मंडळी तो ओढून घ्यायची. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांनी घर भाड्यानं घेतलं होतं. पडद्यामागून टीव्हीचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. पुढे दोनच सीटा. उजवीकडे सर्जेराव आणि डावीकडची रिकामी. ती सीट गोल फिरायची; गाडी थांबली की ती मागे वळवून सोफ्यासमोर आणता यायची. चालत्या गाडीत तिथे कुणी बसत नसे. आत पलंग असताना पुढे कोण बसणार?

पहिल्यांदा तो आवाज झाला कात्रजच्या जुन्या घाटात, उतरताना. एका डाव्या वळणावर स्टिअरिंगसमोरच्या डॅशबोर्डवर हँडब्रेकचा लाल दिवा लागला आणि बारीक, कर्कश टीं-टीं-टीं सुरू झालं. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी चालवली की होतं ते. सर्जेरावांनी हात खाली नेला. दांडा पूर्ण खाली होता. तोवर आवाज बंद झाला. पुढे बरंच अंतर काही नाही, आणि मग पुन्हा टीं-टीं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून मागच्या चाकांजवळ तळहात धरला. ब्रेक आवळलेला राहिला असता तर चाक तापलं असतं, जळका वास आला असता. चाकं थंड होती. पडद्यातून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. "काका, काही प्रॉब्लेम आहे का? मुलं घाबरतायत."

"काही नाही. दिवा उगाच लागतोय."

"उगाच कसा लागेल?" बाई म्हणाल्या आणि पडदा ओढला गेला.

पुण्यात परत आल्यावर सर्जेरावांनी गाडी गुलजारकडे नेली. गुलजारचं घोरपडे पेठेत वायरिंगचं दुकान. एसटीत असल्यापासूनची ओळख. त्यानं आधी ब्रेक ऑइल पाहिलं, कारण ते कमी झालं तरी तोच दिवा लागतो आणि चढ-उतारावर ऑइल डुचमळलं की लागतो-विझतो. ऑइल काठोकाठ होतं. मग हँडब्रेकच्या दांड्याखालचं बटण काढलं. त्यावर जरा गंज दिसला. गुलजारनं नवीन बटण बसवलं, दांडा पाच-दहा वेळा वर-खाली केला. दिवा शहाण्यासारखा लागला आणि विझला.

"झालं, ड्रायव्हरसाहेब. आता पुन्हा वाजली तर माझ्या नावानं शंख करा."

पुढच्याच फेरीत पसरणीच्या घाटात वाजली. मग पाचगणीच्या बाजारात. मग परतताना खंबाटकीत दोनदा. कधी दिवसभर चिडीचूप, कधी वळणावळणाला. नेम म्हणून नव्हता. त्या फेरीतल्या गृहस्थांनी बजरंगला मोबाइलवर लिहून कळवलं, की गाडी उत्तम आहे, पण ड्रायव्हर हँडब्रेक तसाच ठेवून चालवतो, वयस्कर आहे, लक्ष द्यावं.

बजरंगनं तो मजकूर सर्जेरावांना वाचून दाखवला. उद्धटपणे नाही, उलट जरा लाजतच.

"काका, होतं असं. माझे वडील गॅस बंद करायला विसरतात."

"मी विसरत नाही," सर्जेराव म्हणाले.

"मी कुठं म्हणतोय? चला, आपण एक चक्कर मारू. मी बसतो शेजारी."

बजरंग शेजारी बसला. कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून उतरून आले. गाडीनं हूं की चूं केलं नाही. बजरंग उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. सर्जेरावांना त्या हातापेक्षा शिवी परवडली असती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही गाडी नेली. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटर जोडला, तिचा मेकॅनिक शेजारच्या सीटवर बसून लांबवर फिरून आला. दोष नाही, असा छापील कागद मिळाला.

त्या रात्री त्यांना झोप नीट लागली नाही. आपण खरंच विसरत असू का? दांडा खाली केल्यासारखा वाटत असेल आणि केलेला नसेल? एसटीत त्यांनी अशी माणसं पाहिली होती. गिअर टाकताना क्षणभर थबकणारी, ओळखीच्या फाट्यावर गोंधळणारी. त्यांना कुणी सांगायचं नाही. एक दिवस ती डेपोतल्या टेबलावर बसवली जायची. घरात शकू असती तर तिनं सांगितलं असतं, तुम्ही विसरता की नाही ते. गॅस, नळ, चष्मा, सगळं तिच्या नजरेत असायचं. एकट्या माणसाला आपण विसरतो आहोत हे कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी ते नारायण पेठेत शरच्चंद्रांकडे गेले. शरच्चंद्र म्हणजे महाड गाडीवरचे त्यांचे कंडक्टर. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ वर्तमानपत्रातल्या चुका शोधण्यात जायचा.

"या. वाट चुकलात की मुद्दाम आलात?"

सर्जेरावांनी कसंबसं सगळं सांगितलं. म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर चला. तुम्ही एवढी वर्षं माझं ड्रायव्हिंग पाहिलंय. तुमच्या समोर वाजली तर बजरंग ऐकेल."

शरच्चंद्र आढेवेढे न घेता निघाले. पुढच्या सीटवर बसले, सीटभोवती हात फिरवून म्हणाले, "आयुष्य मागच्या दारात उभं राहून काढलं. पुढून रस्ता असा दिसतो होय!" कात्रजचा जुना घाट झाला, शिंदेवाडीपर्यंत गेले, वळून आले. वाटेत त्यांनी सर्जेरावांना सून, सांधे आणि महापालिका या तीन विषयांवर बरंच काही ऐकवलं. सर्जेरावांना ते ऐकताना इतकं बरं वाटत होतं, की आवाजासाठी कान लावायचंही मधेच राहून जात होतं. आवाज झालाच नाही.

दारात उतरताना शरच्चंद्र जरा घुटमळले. त्यांचा नेहमीचा तिरका सूर नव्हता.

"सर्जेराव, आज तुम्ही सावध होतात. माणूस एरवी इतका सावध नसतो. रागावू नका, पण एकदा तपासून घ्या. मीही हल्ली दूध उतू घालवतो."

सर्जेरावांनी मान हलवली. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून गाडी काढताना वळणावर दिवा लागला आणि टीं-टीं सुरू झालं. त्यांनी दांड्याकडे पाहिलं. पूर्ण खाली. या वेळी त्यांनी गाडी थांबवली नाही. सांगणार कुणाला?

बजरंगनं दुसरा ड्रायव्हर बघायला सुरुवात केली होती, हे त्यांना बाहेरून कळलं. बाणेरच्या एका कुटुंबाची दिवेआगारची फेरी ठरली होती, तेवढी करा आणि मग जरा विश्रांती घ्या, असं तो म्हणाला. निघायच्या आदल्या दिवशी सर्जेराव शेवटचं म्हणून पुन्हा गुलजारकडे गेले. आत फ्रीजचा दिवा मिणमिणत होता, तेही काम होतं.

गुलजार म्हणाला, "चला, फिरून येऊ. पण मी वायरकडे बघत बसणार, गप्पा मारायच्या नाहीत." सर्जेरावांना हसू आलं, गप्पा मारू नका असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगत होतं.

मार्केट यार्डवरून गंगाधामचा उतार झाला. काही नाही. बिबवेवाडीतून फिरून आले. काही नाही. गुलजार कंटाळला. "तुम्ही चालवा, मी तोवर फ्रीज बघतो," म्हणत तो पडद्यामागे गेला. पुढच्याच डाव्या वळणावर लाल दिवा लागला. टीं-टीं-टीं.

गुलजार धडपडत पुढे आला. "वाजली! वाजली ना? मी ऐकली!" तो सीटवर बसला. पुन्हा वळण आलं, गाडी गप्प.

 मग सर्जेराव हळूच म्हणाले, "गुलजारभाई, जरा मागं जाता का?"

तो मागे गेला. वळणावर वाजली. तो पुढे आला. गप्प. पुन्हा मागे, पुन्हा वाजली. सर्जेरावांनी गाडी एका शाळेच्या भिंतीलगत उभी केली. 

"सीटमध्ये काहीतरी आहे," गुलजार म्हणाला. "कुणी बसलं की ठीक, रिकामी असली की गडबड. म्हणून तर कुणाला सापडत नव्हतं. जो बघायला येतो तो हिच्यावरच बसतो!" तो जोरात हसला. सर्जेराव हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

सीट खोलून खालचा पत्रा काढायला पूर्ण दिवस लागणार होता, आणि बाणेरची मंडळी सकाळी निघणार होती. ब्रेक ठणठणीत होते. गुलजारनं तिथूनच बजरंगला फोन लावून सगळं सांगितलं.  बजरंग म्हणाला, "काकांना फोन द्या." सर्जेरावांनी फोन घेतला. "काका, चुकलं माझं. आल्यावर सीट खोलू. तोवर असं करा, त्या सीटवर वाळूचं एक पोतं ठेवा आणि पट्ट्यानं बांधा."

तसंच केलं. सकाळी बाणेरमधल्या एका टोलेजंग इमारतीखाली गाडी उभी राहिली, तेव्हा सर्जेरावांच्या शेजारी पट्टा लावलेलं पोतं बसलं होतं. संभाजी नावाचा गृहस्थ, त्याची बायको, दोन मुली आणि त्याची आई, असे पाच जण आत चढले. आईचं नाव सरुबाई. पंचाहत्तरीची, नऊवारीतली म्हातारी. तिला मागच्या पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि पडदा ओढला गेला.

ताम्हिणीची वळणं सुरू झाली आणि आत गडबड उडाली. सरुबाईंना मळमळायला लागलं होतं. गाडी थांबवली. संभाजी आईला धरून खाली घेऊन आला. चूळ भरून, तोंडावर पाणी मारून सरुबाई सरळ झाल्या आणि त्यांची नजर पुढच्या सीटवर गेली.

"ह्ये कोण बसलंय?"

"पोतं हाय, आक्का," सर्जेराव म्हणाले. बोलताना त्यांच्या तोंडात आपोआप गावची बोली आली.

"पोत्याला खिडकी आन् मला कोंडलंय व्हय रं, संभा? उतरीव त्याला."

"आई, आत पलंग आहे, नीट झोपता येतं."

"झोपायचंच तर घरी काय वाईट हुतं? उतरीव."

सर्जेरावांनी पोतं उचलून मागे दाराशी ठेवलं आणि सरुबाईंना पट्टा लावून दिला. गाडी निघाली. खिडकीतून वारा आला तशी म्हातारीला तरतरी आली आणि ती बोलायला लागली. ते बोलणं थेट दिवेआगारच्या सुरूच्या बनापर्यंत चाललं.

तिनं धरणाच्या पाण्याला नावं ठेवली, रस्त्यातल्या प्रत्येक शेताची प्रत सांगितली. कुठं नाचणी बरी येईल, कुठलं रान पडीक ठेवलंय आणि का. तुमचं गाव कोणतं, विचारलं. धनकवडी म्हटल्यावर म्हणाली, "मंजी आमच्यासारखंच. गाव हाय पर गाव न्हाई." त्यांची जमीन इमारतीखाली गेली होती. "माजी हीर जिथं हुती तिथं आता गाड्या लावत्यात. मी बाराव्या माळ्यावर. खाली बघितलं की मान्सं मुंग्यांवानी दिसत्यात. नातींला माजं बोलणं कळत न्हाई, मला त्यांचं. संभा चांगलाय. सून बी चांगलीय. सगळीच चांगली हायेत, भाऊ. पर दिसभर तोंड उघडाय लागत न्हाई."

सर्जेराव रस्ता पाहत होते. पुढचं वळण घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "माझी मंडळी बंगळूरला असते. पोराकडं. तीन वर्षं व्हतील."

हे त्यांनी शरच्चंद्रांनाही कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"भांडून गेली?"

"न्हाई."

"मंग तुमी का जात न्हाई?"

"तिथं जाऊन मी काय करू?"

"करायचं काय असतंय? बसायचं. म्हातारपणी मानसाला मानूस बसाया लागतंय, कामाला न्हाई." मग लगेच बाहेर बघून, "ह्या आंब्याला पाणी दिल्यालं दिसत न्हाई," असं म्हणून ती दुसऱ्याच विषयाकडे वळली.

दिवेआगारला चार दिवस होते. एरवी अशा मुक्कामात सर्जेराव गाडीपासून दूर सतरंजी टाकून बसायचे. हाक आली तर जायचे. या खेपेला रोज चहाच्या वेळी सरुबाईंची हाक यायची. त्या वाळूत फतकल मारून बसायच्या, बशीत चहा ओतायच्या आणि समुद्राकडे संशयानं बघायच्या. "एवढं पाणी, आन् शेताला कामाचं न्हाई," असं त्या रोज म्हणायच्या. सर्जेराव वरंध्याच्या घाटातल्या गोष्टी सांगायला लागले. दरड कोसळली तेव्हा गाडीतल्या नवरीला पाठुंगळी घेऊन कंडक्टर कसा चालला, एका म्हाताऱ्यानं तिकिटाच्या बदल्यात कोंबडी कशी पुढे केली. आपल्याला इतक्या गोष्टी येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. सरुबाई हसताना पदर तोंडाला लावत. धाकटी नात एकदा येऊन बसली आणि कोंबडीची गोष्ट पुन्हा सांगा म्हणाली.

परतीच्या वाटेवरही त्या पुढेच बसल्या. बाणेरला उतरताना सर्जेरावांच्या हातावर त्यांनी सुक्या कोळंबीची पुडी ठेवली. "येकट्यानं खायचं तरी तिखट घालून खावं," म्हणाल्या. मग लिफ्टचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी गुलजारनं सीट खोलली. सीट जागेवर धरणारा खटका झिजला होता. वर माणूस असला की सीट हलत नसे. रिकामी असली की वळणावर अंगठाभर सरकायची. खालच्या लोखंडी पट्टीचा कोपरा हँडब्रेकच्या बटणाकडे जाणाऱ्या वायरवर घासून घासून तिचं आवरण सोललं होतं. उघडी तार लोखंडाला टेकली की दिव्याला वाटायचं, हँडब्रेक ओढला आहे. गुलजारनं तो तुकडा बदलला, वायर दुसरीकडून फिरवून घेतली, नवा खटका बसवला. बजरंग स्वतः हजर होता. त्यानं दुसरा ड्रायव्हर बघणं थांबवलं असल्याचं सांगितलं आणि वाळूचं पोतं दुकानाच्या दारात रिकामं करून टाकलं.

पुढची फेरी नव्यानं लग्न झालेल्या एका जोडप्याची होती. पडदा ओढला गेला. कात्रज, शिरवळ, खंबाटकी. दिवा लागला नाही, आवाज झाला नाही. सर्जेरावांनी इतकी वाट पाहिली होती या शांततेची, आणि आता ती डाव्या बाजूला ऐसपैस बसली होती. पसरणीच्या घाटात एका वळणावर खाली धोमचं पाणी एकदम दिसलं. "ते बघा धरण," ते मोठ्यांदा म्हणाले. मागून नवऱ्या मुलाचा आवाज आला, "काका, काही म्हणालात?"

"नाही," सर्जेराव म्हणाले.

पावसाळ्यात फेऱ्या कमी झाल्या. एका दुपारी त्यांनी मंडईतून पेरू घेतले आणि बसनं बाणेरला गेले. इमारतीच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, "फ्लॅट नंबर?"

"नंबर माहीत नाही. सरुबाई. संभाजीची आई. बाराव्या मजल्यावर राहतात."

"इथं असे चार टॉवर आहेत, बाबा. आडनाव काय?"

आडनाव त्यांना माहीत नव्हतं. बजरंगला फोन केला असता तर नंबर मिळाला असता, पण गिऱ्हाइकांच्या घरी ड्रायव्हर कशाला जातो, असा प्रश्न आला असता. ते फाटकासमोरच्या झाडाखाली थोडं थांबले. वर बघून बारापर्यंत मजले मोजले. सगळ्या गॅलऱ्या सारख्याच होत्या, बहुतेकांत कपडे वाळत होते. पाऊस भुरभुरायला लागला. त्यांनी पेरूंची पिशवी पहारेकऱ्याला दिली आणि आल्या बसनं परत फिरले.

घरी आल्यावर त्यांनी शकूला फोन लावला. एरवी फोन तिचाच यायचा. ती दचकली. "काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे," ते म्हणाले. "मी तिकडं येऊ का? थोडे दिवस."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "या की. विचारताय काय? पण इथं करमायचं नाही तुम्हाला."

"बसेन नुसता."

ते गेले. तिथे त्यांना खरंच करमलं नाही. मुलगा-सून दिवसभर बाहेर, शकू नातवाच्या मागे. रस्त्यावरची भाषा कळायची नाही. पण सकाळी नातू उठायच्या आधी शकू चहा घेऊन गॅलरीत यायची आणि दोघं शेजारी बसायची. एकदा सर्जेरावांनी तिला ते सगळं सांगितलं. लाल दिवा, बजरंगचा खांद्यावरचा हात, पोतं, म्हातारी. शकूनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "मला एक फोन करायचा ना. मी सांगितलं असतं, तुम्ही हँडब्रेक विसरणार नाही म्हणून."

"तुला कसं ठाऊक?"

"रात्री कडी लावलेली असली तरी तीनदा हलवून बघणारा माणूस तुम्ही."

 सर्जेरावांचा कप रिकामा होता, तरी त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

पाऊस सरल्यावर ते परतले. शकू आली नाही. नातू शाळेत रुळला की बघू, म्हणाली. कधी रुळेल ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. स्वारगेटला सकाळी उतरून ते रिक्षानं धनकवडीला आले. कुलूप जरा गंजलं होतं, तेल सोडल्यावर उघडलं. खिडक्या उघडल्या, झाडलोट केली, कुकर लावला. कुकर होईपर्यंत बजरंगचा फोन आला.

"काका, आलात का? शुक्रवारी हरिहरेश्वर आहे. चौघं जण. जमेल?"

"जमेल," सर्जेराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्यात कुणाला गाडी लागते का?"

बजरंगला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "विचारून सांगतो."